‘हे नको’ कळायला किती वर्षं द्यायची?

माझा भाचा २९ वर्षांचा आहे. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत त्याची सहा वर्षं गेली. एमपीएससीची पूर्व परीक्षा दोनदा निघाली, मुख्य एकदाही नाही. गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉल केला तेव्हा त्याच्या समोर टेबलावर पंखा उघडून ठेवलेला होता. कपॅसिटर गेला होता, तो बदलत होता. पंखा, इन्व्हर्टर, स्विचबोर्ड, काहीही बिघडलं की अभ्यासिकेचे मालक त्यालाच हाक मारतात. टेस्टर खाली ठेवत तो म्हणाला, “मावशी, खरं सांगू? मला ऑफिसात बसायचंच नव्हतं. पण हे आत्ता कळतंय.”

मी १४ वर्षांपासून जर्मनीत, श्टुटगार्टजवळ राहते. त्याचं बोलणं ऐकून मला शेजारची मुलगी आठवली. नववीत शाळेने तिला एक आठवडा प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी पाठवलं. इथे त्याला प्राक्टिकुम म्हणतात आणि जागा मुलांनी स्वतः अर्ज करून मिळवायची असते. तिला लहानपणापासून जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं, म्हणून ती तशा दवाखान्यात गेली. पाचव्या दिवशी घरी येऊन म्हणाली, जनावरं आवडतात, पण ती कण्हत असताना मला तिथे उभं राहवत नाही. मग सुट्टीत ती श्रवणयंत्रांच्या दुकानात जाऊन आली. आजोबांच्या कानात मऊ रबरासारखं मिश्रण भरून साचा कसा घेतात, ते तिने मला स्वतःच्या कानाला हात लावून दाखवलं होतं. आता ती तेच शिकते आहे. तीन वर्षं दुकानात काम आणि मधूनमधून काही आठवडे ल्युबेकच्या शाळेत, जिथे या व्यवसायाचे देशभरातले विद्यार्थी येतात.

‘हे नको’ कळायला तिला पाच दिवस लागले, माझ्या भाच्याला सहा वर्षं. हुशारीत तो कुठेही कमी नाही.

महाराष्ट्रातल्या बातम्या मी रोज वाचते. जागा किती निघाल्या, परीक्षा का लांबली, कटऑफ कितीवर गेला. हे प्रश्न खरे आहेत आणि रस्त्यावर बसलेल्या मुलांचा राग मला पोचतो. पण या सगळ्या चर्चेत मुलाने काम निवडायचं कशाच्या आधारावर, हे कोणी विचारत नाही. २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी झाली. हेतू चांगला होता. पण ज्या मुलीने लेथ मशीन चालू असताना कधी पाहिलंच नाही, तिने ‘आवडेल’ की ‘आवडणार नाही’ यावर खूण करायची ती कशावरून? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार अशा लोकांकडे जाऊन शिकण्याची सोय लिहिली आहे. त्या पानावर माझा जीव अडकलेला आहे, कारण खरं उत्तर तिथेच आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने मी राहते त्याच बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात १०,००० तरुण. तेव्हा माझ्या फोनवर दोन प्रकारचे निरोप आले. एक, ‘आपली पोरं प्लंबर व्हायला जर्मनीला जाणार का?’ आणि दुसरा, ‘आमच्या मुलाचं तिथे वायरमन म्हणून जमेल का?’ दुसरा निरोप ज्यांचा होता, त्यांनीच मुलाला बारावीनंतर आयटीआयला जाऊ दिलं नव्हतं. काम तेच. पगार युरोत मिळणार म्हटल्यावर त्याची लाज गेली. मला याचं फार वाईट वाटतं.

इथे वायरमनचं शिक्षण साडेतीन वर्षांचं. आठवड्यातून एक-दोन दिवस शाळा, उरलेले दिवस कंपनीत, आणि शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यापासून पगार. २०२५ मध्ये सुरुवात करणाऱ्याला पहिल्या वर्षी कायद्याने किमान ६८२ युरो महिना द्यावे लागतात. शेवटी परीक्षा कंपनी घेत नाही, बाहेरचं व्यावसायिक मंडळ घेतं, म्हणून तो कागद देशभर चालतो. पुढे ‘मायस्टर’, म्हणजे प्रमाणपत्र मिळालेला उस्ताद, झालं की स्वतःचा धंदा काढता येतो, विद्यापीठाचा दरवाजाही उघडा असतो.

आपल्याकडे शिकवणारे हात कमी नाहीत. कुठल्याही गॅरेजमध्ये बारा-पंधरा वर्षांपूर्वी पाने द्यायला आलेला पोरगा आज आवाजावरून इंजिनाचा बिघाड सांगतो. त्याचा उस्ताद उत्तम गुरू असतो. फक्त त्या शिक्षणाला कागद नाही, आणि कागद नाही म्हणून मान नाही. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत काम शिकताना महिना ६ ते १० हजार रुपये विद्यावेतन मिळालं, पण मुदत संपल्यावर पुढे काय, या प्रश्नासाठी प्रशिक्षणार्थींना आंदोलन करावं लागलं. पैसे देण्याइतकंच, शिकलेलं सिद्ध करणारी परीक्षा देणं महत्त्वाचं होतं.

जर्मनीतलं सगळं उचलून न्यावं असं मी मुळीच म्हणणार नाही. इथे बहुतेक राज्यांत चौथीनंतर, दहाव्या वर्षी मुलांच्या शाळा वेगळ्या होतात. घरी जर्मन न बोलणाऱ्या किती मुलांना त्या वयात खालच्या फळीत ढकललेलं मी जवळून पाहिलंय. नंतर वर येता येतं, पण दमछाक होते. ज्या समाजात जातीने आधीच कामं वाटून दिली होती, तिथे कोवळ्या वयातली अशी चाळणी घातक ठरेल. सुताराच्या मुलाला सुतारकाम दाखवायचं आणि वकिलाच्या मुलाला न्यायालय, असं झालं तर त्या दहा दिवसांना अर्थ नाही. उलट करा. वकिलाच्या मुलीला वर्कशॉपमध्ये पाठवा, आणि गॅरेजवाल्याच्या मुलीला पॅथॉलॉजी लॅबमध्ये.

भाच्याची धाकटी बहीण या मार्चमध्ये दहावीची परीक्षा देईल. निकालापर्यंत दोनेक महिने मोकळे असतात. ताईने तिच्यासाठी अकरावीच्या आगाऊ बॅचची चौकशी केली आहे. मी म्हटलं, त्यातले दोन आठवडे मला दे. एक आठवडा लॅबमध्ये, एक भाच्याच्या ओळखीच्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडे. भाच्याने दोन्ही ठिकाणी विचारून ठेवलंय, ते तयार आहेत. बॅचची फी २५ तारखेपर्यंत भरायची आहे. ताई अजून हो म्हणालेली नाही.