अकरा डिग्री म्हणजे काय थंडी आहे का?

आईबाबांनी इकडे न्यूझीलंडला, वेलिंग्टनला यायचं ठरवलं तेव्हा मला खूप आनंद झाला, आणि ते जुलैत येणार हे कळल्यावर मी तो आनंद जरा आवरता घेतला. जुलै म्हणजे इकडे ऐन हिवाळा. पण साताऱ्यात जुलैत नुसता पाऊस, तिकिटं स्वस्त, लग्नाकार्याचे दिवस संपलेले, शिवाय गणपतीला परत घरी, म्हणजे त्यांच्या बाजूनी सगळं जुळून आलेलं. मी म्हटलं बाबा, थंडी असते हो. बाबांनी फोनवर तापमान बघितलं आणि म्हणाले, "अकरा डिग्री? ही काय थंडी आहे का? महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या कडेला दव गोठतं, तिथे आम्ही स्वेटर न घालता स्ट्रॉबेरी खाल्लीय." आई मागून म्हणाली की स्वेटर घातला होता आणि नंतर आठवडाभर खोकत होते, पण ते रेकॉर्डवर घेतलं गेलं नाही.

बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, त्यामुळे आमच्या घरात ट्रिप ठरत नाही, तिचं इस्टिमेट होतं. दोनशे पानी वही, डावीकडे मार्जिन, तीन रंगांची पेनं. आणि शंका विचारायची वेळ म्हणजे रात्रीच्या बातम्या संपल्यावर साडेनऊला, जेव्हा माझ्याकडे पहाटेचे चार वाजलेले असतात. साडेसहा तासांचा फरक आहे हे त्यांना पाठ आहे, पण "तू उठतेसच ना लवकर" हे त्याच्याही वर आहे.

पहिली शंका कपड्यांची. बाहेर अकरा, ठीक, घरात किती? आता हे कसं सांगायचं. इथली जुनी घरं लाकडी आहेत, भूकंपाचा देश म्हणून ते बरोबरच आहे, पण खिडक्यांना एकेरी काच, सेंट्रल हीटिंग वगैरे लाड नाहीत, सकाळी काचेवरनं आतल्या बाजूनी पाणी ओघळत असतं आणि ते पुसणं हा इथल्या हिवाळ्यातला सडा-रांगोळीसारखा नित्यक्रम आहे. भाड्याच्या घरात निदान हॉल तरी 18 डिग्रीपर्यंत तापेल एवढा हीटर हवा असा कायदा सरकारला 2019 मध्ये करावा लागला, यावरनं काय ते समजा. टोरांटोचा मामेभाऊ ग्रुपवर हसला, म्हणे अकराला आम्ही हाफ पँट घालतो. घाल बाबा. तुझ्या घरात बावीस असतं, तू थंडीतून घरात जातोस. आम्ही घरातून बाहेर पडल्यावर जाकीट काढतो.

मग बाबांनी घराचा प्लॅन मागवला आणि अभ्यास करून कळवलं की आम्हाला दक्षिणेकडची खोली दे, तिकडे ऊन येईल. वर आईचं, की दक्षिणेला डोकं करून झोपता पण येईल. आता पृथ्वीच्या या अंगाला सूर्य उत्तरेकडून जातो, हिवाळ्यात तर अगदी खाली, क्षितिजाला धरून, आणि दक्षिणेच्या खोलीला जून-जुलैत उन्हाचा कवडसा दिसत नाही. इथे घर विकताना 'उत्तरेला तोंड' हे मोठ्या अक्षरात लिहितात. आमची दक्षिणेची खोली म्हणजे कोथिंबीर फ्रीजबाहेर टिकते ती खोली. बाबांना हे शास्त्रीयदृष्ट्या लगेच पटलं, त्यांनी वहीत सूर्याची आकृतीसुद्धा काढली, पण मग "दक्षिणेचा वारा गार कसा?" हे पटायला वेळ लागला. आपल्याला दक्षिण म्हटलं की कोल्हापूर, बेळगाव, पार कन्याकुमारीपर्यंत सगळं गरम गरम. इथे दक्षिण म्हणजे अंटार्क्टिका, मधे नाव घेण्यासारखं काही नाही. हा दक्षिणेचा वारा, म्हणजे सदर्ली, सुटला की दुपारी जेवताना असलेलं तापमान चहापर्यंत टिकत नाही.

वाऱ्याबद्दल तर बोलायची सोयच नाही. "आम्हाला वारा सांगतेस? चाळकेवाडीचं पठार आपलं आहे." बरोबर आहे, चाळकेवाडीला पवनचक्क्यांचं रान आहे, आमच्या ब्रुकलिनच्या डोंगरावर एकच आहे, 1993 मध्ये पहिली बसवली, ती काढून 2016 मध्ये दुसरी. पण चाळकेवाडीला आपण भेळ खायला जातो आणि परत येतो. तिथे राजधानी नाही वसवली कोणी. इथे कुकची सामुद्रधुनी म्हणजे दोन बेटांमधली फट, सगळ्यात अरुंद जागी 22 किलोमीटर, पश्चिमेकडनं समुद्रावरून मोकळा धावत आलेला वारा या फटीत घुसतो आणि पलीकडे जाता जाता आमच्या दोरीवरचे टॉवेल घेऊन जातो. गाववाल्यांना याचा अभिमान आहे, एअरपोर्टजवळच्या टेकडीवर शहराचं नाव हॉलिवूडसारखं लावलंय, त्यात शेवटची अक्षरं वाऱ्यानी उडून चालल्यासारखी मुद्दाम तिरकी केलीत. एअरपोर्टची धावपट्टी दोन्ही टोकांना समुद्र असलेल्या चिंचोळ्या पट्टीवर, तिथे विमान उतरताना जे काय होतं ते मी आईला सांगितलेलं नाही. खिडकीची सीट नको एवढंच सांगितलंय.

आई छत्री आणणार आहे. घरातली चांगली, मोठी, लाकडी मुठीची. सदर्लीनंतर दुसऱ्या दिवशी इथल्या कचऱ्याच्या डब्यांतनं छत्र्यांच्या काड्या वर आलेल्या असतात, हे मी फोटोसकट पाठवलं. आईचं म्हणणं, त्यांना धरता येत नसेल.

मधे बाबांनी एक तोडगा काढला, की एवढं आहे तर सप्टेंबर-ऑक्टोबरला येतो, वसंत ऋतू, फुलं बिलं. तेव्हा नाइलाजानी सांगावं लागलं की वाऱ्याचा खरा सीझन वसंतातच असतो. उलट हिवाळ्यातच सदर्ली येऊन गेला की मधेच एखादा असा दिवस उगवतो, वारा शून्य, बंदर काचेसारखं, पलीकडच्या डोंगरांवर बर्फ, आणि अख्खं गाव ऑफिस सोडून कॉफीचा कप घेऊन पाण्याच्या कडेला बसतं. चांगल्या दिवशी वेलिंग्टनला तोड नाही असं इथे म्हणतात, आणि खरंच नाही. फक्त तो दिवस वहीत आधी लिहिता येत नाही, आणि बाबांचा तिथेच प्रॉब्लेम आहे. प्रत्येक तारखेपुढे कॉलम आहे.

त्या कॉलममधे पहिला मान बेसिन रिझर्व्ह या क्रिकेट ग्राउंडचा. 1968 साली भारतानी परदेशात पहिल्यांदा सिरीज जिंकली ती न्यूझीलंडमधे, आणि वेलिंग्टनच्या टेस्टमधे अजित वाडेकरांनी 143 केले, त्यांची टेस्टमधली एकुलती एक सेंचुरी, वर बापू नाडकर्णींच्या सहा विकेट्स. बाबा तेव्हा चौथीत होते. मी सांगितलं, जुलैत तिथे क्रिकेट नसतं हो, ओलं गवत असतं आणि चारी बाजूनी ट्रॅफिक, कारण ते ग्राउंड म्हणजे एक भलंमोठं सर्कल आहे. चालेल म्हणाले. खेळपट्टी नुसती बघायची आहे. आणि खरं सांगायचं तर मलाही ते बरंच वाटलं, कारण बेसिन सपाट आहे. पूर्वी तिथे तळं होतं, जहाजांसाठी बंदर करणार होते, 1855 च्या भूकंपात जमीनच वर आली आणि बंदराच्या जागी क्रिकेट सुरू झालं. या गावात जे काय सपाट आहे ते बरंचसं असंच, भूकंपानी वर उचललेलं किंवा समुद्रात भराव टाकून मिळवलेलं. 'लॅम्ब्टन की' हा मेन रोड म्हणजे जुना किनारा. उरलेलं सगळं गाव भिंतीवर टांगल्यासारखं आहे.

आणि खरी मारामारी इथेच झाली. बाबा गूगल मॅपवर बोटानी अंतरं मोजत होते. पार्लमेंट ते केबल कार, सातशे मीटर, चालत. टे पापा म्युझियम, चालत. तुझं घर ते बस स्टॉप, दोनशे मीटर, चालत. मी म्हणतेय दोनशे मीटर खरं, पण ते आडवं नाही हो, उभं आहे. "आम्ही रोज अजिंक्यतारा चढतो" म्हणून फोन ठेवला. मला याचं फार नवल वाटलं कारण ज्या माणसानी तीस वर्षं कंटूर, म्हणजे नकाशावरच्या समान उंचीच्या रेषा, बघून कालवे काढले तो माणूस मॅपवर दिसतं म्हणून रस्ता सपाट धरतो.

शेवटी मीच त्यांना इथल्या सरकारी टोपो नकाशाची लिंक पाठवली. फुकट आहे, एकास पन्नास हजार, वीस मीटरचे कंटूर. चार दिवस फोन नाही. मग पहाटे चारला आला, आणि आवाजच बदललेला. "अगं, कंटूर एकमेकांना चिकटलेत की!" त्यांच्या आवाजात भीती नव्हती, हेवा होता. लगेच आमच्या घराचा सेक्शन काढून पाठवला, ग्राफ पेपरवर, रस्त्यापासून दारापर्यंत, पायऱ्यांचे टप्पे विचारले, राइझर, म्हणजे पायरीची उंची, किती, कठडा कुठल्या बाजूला. आमच्याकडे रस्त्यावरून घरी यायला शंभरेक पायऱ्या आहेत, कुरियरवाला खालीच बॉक्स ठेवून फोटो काढून पळतो. ग्राफच्या खाली लाल पेनानी लिहिलेलं, 'सौ.चे गुडघे: विचार व्हावा.'

सौ.चं म्हणणं मग केबल कारनी येऊ. ती लाल केबल कार 1902 पासून आहे, लॅम्ब्टन कीवरून पाच मिनिटांत 120 मीटर चढते, फार सुंदर आहे, पण ती केलबर्नला सोडते, बोटॅनिकल गार्डनच्या दारात. आमच्या दारात नाही. टे पापात काय आहे विचारलं तर मी कोलोसल स्क्विड म्हटलं, 495 किलोचा, जगात असा दुसरा बघायला मिळणं अवघड. आई म्हणाली एवढे पैसे घालून मेलेलं माकूल बघायचं? परदेशी पाहुण्यांना 35 डॉलर तिकीट आहे हे कळल्यावर बाबांनी मनात रुपये केले आणि तो कॉलम खोडला. आता परत भरलाय, पहिल्या महायुद्धातल्या गॅलिपोलीच्या लढाईचं प्रदर्शन बघायचंय म्हणून.

सामानाचं एक वेगळंच. विमानतळावर खायचं जे जे आहे ते लिहून द्यायचं, नाही दिलं तर जागेवर 400 डॉलर दंड. कंदी पेढे आणि तूप मी आधीच बाद केले, त्यावरून आईनी अबोला धरला. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट लिहून देणार आहे. बुटांना माती चालत नाही हे ऐकून मात्र बाबा हादरले, कारण ते अजिंक्यताऱ्याचे बूट आहेत आणि त्यांच्यात माती किती नि बूट किती हे सांगणं कठीण आहे. सध्या टूथब्रशनी घासणं चालू आहे.

गुडघ्यांचा प्रश्न शेवटी शेजारच्या आजोबांनी सोडवला. इथे डोंगरावरच्या पुष्कळ घरांना स्वतःची छोटी केबल कार असते, रुळांवरनं पेटी वर-खाली, त्यांच्याकडे आहे. आईबाबा येतायत म्हटल्यावर म्हणाले, वापरा की, आमच्या अंगणातून तुमच्याकडे वळायला वाट आहे. फक्त ती जुनी आहे, दोन माणसं, नाही तर एक माणूस आणि एक मोठी बॅग, त्याच्या वर वजन नको.

हे मी पहाटे चारला सांगितलं. पलीकडे जरा शांतता. बाबा म्हणाले, मग आम्ही दोघं बसतो, बॅग जावईबापू आणतील.

"नको," आई म्हणाली. "त्यात मसाला आहे, ते आदळतील. तुमचा पायऱ्यांचा एवढा अभ्यास झालाय, तुम्ही चालत या."