खुलासा: आयफोनच्या आधीही मोबाइलवर नेट होतं

कोल्हापुरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘मोबाइलवर इंटरनेट २००७ ला आयफोनने आणलं, भारतात तर जिओनंतरच.’ दोन्ही चूक.

नोकिया ९००० कम्युनिकेटर हा फोन १९९६ चा. उघडला की आत अख्खा कीबोर्ड, आणि त्यावर ई-मेल, वेब दोन्ही चालायचं. १९९९ मध्ये जपानमध्ये आय-मोड ही मोबाइल इंटरनेट सेवा सुरू झाली, त्याच वर्षी वॅपवाला (वॅप म्हणजे छोट्या फोनवर नेट दाखवायची तेव्हाची पद्धत) नोकिया ७११० आला. त्याच्या ९६ बाय ६५ ठिपक्यांच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर नेहमीची वेबसाइट मावणार कशी? म्हणून वॅपची पानं वेगळीच लिहावी लागत, जवळजवळ नुसत्या मजकुराची. सुरुवातीला कॉलसारखी लाइन जोडून मिनिटाला पैसे जात. पुढं जीपीआरएस ही डेटा सेवा आली, तिच्यात हिशोब केबीवर, म्हणजे किती डेटा वापरला त्यावर आला.

राजारामपुरीत, विद्यापीठाच्या हॉस्टेलवर त्या काळी असलेल्यांना हे सांगायला नको. कंपनीकडून सेटिंगचा मेसेज मागवायचा, तो सेव्ह करायचा, मग ‘सी’साठी दोनचं बटण तीनदा दाबत पत्ता टाइप करायचा. २००६ मध्ये ऑपेरा मिनी हा मोबाइल ब्राउझर सगळ्यांसाठी खुला झाला आणि साध्या जावा फोनवरही खऱ्या साइट दिसू लागल्या. पान आधी ऑपेराच्या सर्व्हरवर जायचं, तिथं आवळलं जायचं, मग फोनवर यायचं. पैसेही वाचायचे.

आणि गंमत म्हणजे पहिल्या आयफोनमध्ये थ्रीजीसुद्धा नव्हतं! बोटानं सरकवत पूर्ण पान वाचणं त्यानं सोपं केलं, हे मान्य. जिओ २०१६ चं. त्यानं डेटा स्वस्त केला. मेसेज पुढं ढकलायचाच असेल, तर एवढंच लिहा.