स्टोबायस: पोरासाठी उतारे जमवणारा बाप

संकलक म्हटलं की आपण नाक मुरडतो. स्वतःचं काही सुचत नाही म्हणून दुसऱ्यांचे उतारे गोळा करणारा! माझं मत नेमकं उलटं आहे, आणि त्याला कारण पाचव्या शतकातला एक बाप.

योआनेस स्टोबायस. आजच्या उत्तर मॅसिडोनियातल्या स्टोबीचा. पोरगा सेप्टिमियस, वाचलेलं त्याच्या फारसं लक्षात राहत नसे, असं नवव्या शतकात फोटियस या बायझंटाइन विद्वानाने नोंदवून ठेवलंय. म्हणून बापाने होमरपासून पुढच्या हजारभर वर्षांतल्या शेकडो ग्रीक लेखकांचे वेचे विषयवार लावून चार भागांचा ग्रंथ केला. विश्वाची उत्पत्ती, नियती, राज्यकारभार, लग्न, घरसंसार, म्हातारपण, मरण. स्मरणशक्ती वाढवायचा हा उपाय वाचून मला आधी सेप्टिमियसचीच दया आली.

पण ज्या पोथ्यांमधून त्याने उतरवून घेतलं, त्यातल्या कितीतरी पुढे नाहीशा झाल्या. ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या हरवलेल्या नाटकांतल्या ओळी, विनोदी नाटकं लिहिणाऱ्या मेनँडरच्या ओळी इथे सापडतात. मुलींनाही मुलांसारखंच शिक्षण द्या, असं पहिल्या शतकात रोममध्ये सांगणारा तत्त्वज्ञ मुसोनियस रुफस आपल्याला कळतो तो मुख्यतः स्टोबायसमुळे. हिएरोक्लिस या स्टोइक तत्त्वज्ञाची प्रसिद्ध वर्तुळंही इथलीच: मधोमध आपण, मग घरचे, नातेवाईक, गाववाले, शेवटी सगळी माणसं, आणि बाहेरच्यांना एकेक वर्तुळ आत ओढायचं. चुलतभावांना भाऊच म्हणा, असा त्याचा सल्ला. आपल्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही!

मला स्टोबायस आवडतो तो दोन गोष्टींसाठी. एक, तो बहुतेक ठिकाणी लेखकाचं नाव देतो, पुष्कळदा ग्रंथाचंही. दुसरं, लग्न चांगलं म्हणणारे आणि लग्न नकोच म्हणणारे, दोघांनाही तो जागा देतो. निवाडा पोराने करायचा.

दोषही आहे. नाटकातली ओळ पात्रापासून तोडली की कोण, कुणाला, कोणत्या रागात बोललं ते जातं आणि खलनायकाचं बोलणंही सुविचार होऊन बसतं. हा दोष मी माफ करत नाही, पण त्या ओळी मुळातच नसण्यापेक्षा हे परवडलं.

आणि आता आपल्या कामाचं. स्टोबायसच्या पहिल्या भागात पॉर्फिरी या तिसऱ्या शतकातल्या तत्त्वज्ञाच्या एका ग्रंथातला उतारा आहे. रोमन सम्राट एलागाबालुसच्या काळात सीरियात आलेल्या भारतीय दूतांनी बार्दैसान या तिथल्या लेखकाला काय सांगितलं, ते पॉर्फिरी देतो. उंच डोंगरात मोठी गुहा. आत दहा-बारा हात उंचीची उभी मूर्ती. उजवं अंग पुरुषाचं, डावं स्त्रीचं. उजव्या छातीवर सूर्य, डाव्या छातीवर चंद्र. अर्धनारीश्वर आठवल्याशिवाय राहतो का? बार्दैसानचं ते पुस्तक गेलं, पॉर्फिरीचंही तुकड्यांतच उरलं. दूतांचं या मूर्तीबद्दलचं बोलणं आपल्यापर्यंत पोचलं ते या उताऱ्यातून.

कुणीतरी लगेच घारापुरीच्या अर्धनारीश्वराचा फोटो लावून हे पुढे ढकलेल, म्हणून आधीच सांगतो: बार्दैसान 222 साली वारला आणि घारापुरीची लेणी साधारण सहाव्या शतकातली. फोटो लावा, पण खाली स्टोबायसचं नाव घाला.