पोरगी सातवी झाली? बास झालं!

दिवाळी सरली की ऊसतोडीला टोळी नेणारा मुकादम दारात उभा राहतो, त्याआधी तुमचं ठरलेलं बरं. पोरगी सातवी पास झालीय, ओट्यावर बसून आठवीचं पुस्तक चाळतेय, आणि तुमच्या मनात आलंय, शिकू द्यावं का पुढं? नका हो असं काही करू. बीड, केज, धारूर, वडवणी, सगळीकडं आम्ही हाच सल्ला देत आलोय.

आधी पैशाचं बघू. जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी जगभरचा हिशोब मांडलाय: शाळेचं एक वर्ष वाढलं की कमाई सरासरी 9 टक्क्यांनी वाढते, बाईमाणसाची तर थोडी जास्तच. सातवीऐवजी बारावी म्हणजे पाच वर्षं, चक्रवाढीनं जवळजवळ दीडपट. एवढा पैसा सांभाळणार कोण? त्यापेक्षा लग्न उरकून टाका. मुकादमाच्या हिशोबात एकटा माणूस अर्धा कोयता, नवरा-बायको मिळून पुरा कोयता, आणि उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, तेही त्याच मापानं. नऊ टक्के कधीतरी येतील, उचल आत्ता हातात पडते. वयाचं मनावर घेऊ नका. कायदा 18 म्हणतो, पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर जणींत चाळीसहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत लागलेलं निघालं. एवढी वऱ्हाडं जेवून गेली ती काय वेडी होती?

आता तब्येत. 'लॅन्सेट'च्या घरातल्या एका वैद्यकीय नियतकालिकात 2024 मध्ये मोठा अभ्यास आला. शाळेचं एकेक वर्ष वाढलं की मरणाचा धोका सुमारे 2 टक्क्यांनी उतरतो म्हणे. म्हणजे शिकलेली पोरगी म्हातारी होणार, तिचे गुडघे दुखणार, चष्मा लागणार. आहे का तयारी? शाळेचं तोंडच न बघणं हे भरपूर दारू पिण्याइतकं घातक, असंही त्यात आहे. दारूला पैसे लागतात, हे फुकटात होतंय. आणखी एक गंमत. 1970 ते 2009 या काळात जगातले बालमृत्यू जेवढे घटले, त्यातली निम्मी घट बायांच्या शिक्षणामुळं, असा अंदाज आहे. लेकराला जुलाब लागले की शिकलेली आई ओआरएसची पुडी उलटी करून वाचत बसते: एक लिटर पाणी, उकळून गार केलेलं. फडाजवळच्या झोपडीत, कोपीत, एक लिटरचं माप कुठून आणायचं? लेकरू आपलं देवाच्या हवाली बरं.

पाळी आली की खाडा, खाडा पडला की पैसे कापले. त्यावरही तोडगा निघालेला आहे. 2019 च्या सरकारी समितीनं बीडमधल्या 82 हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी केली, तर 13 हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली. ऑपरेशनच्या आधी कागदावर सही लागते, तिथं अंगठा फार सोयीचा पडतो. सही करणारी बाई आधी वाचते, मग प्रश्न विचारते, आणि उगाच सगळ्यांचा वेळ जातो.

कायद्याला भिऊ नका. शाहू महाराजांचा काळ अवघड होता, त्यांनी 1917 साली सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला आणि पोराला शाळेत न घालणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड लावला. तेव्हाचा रुपया, विचार करा! आपला 2009 चा कायदा समजूतदार आहे. सहा ते चौदा वयाच्या लेकराला शाळेत घालणं हे बापाचं कर्तव्य, एवढंच त्यात लिहिलंय, बापाला दंड नाही. गावात हंगामी वसतिगृह आहे, आजी आहे, हे कुणी सुचवलं तर ऐकल्यासारखं करा आणि पोरीला ट्रॅक्टरवर बसवा. धाकट्याला सांभाळायला कोण आहे दुसरं? पहाटे चारला तुम्ही फडात, ती कोपीत. चुलीवर भाकरी, कडेवर भाऊ, आणि दप्तर? दप्तर चांगलं मजबूत असतं, त्यात ज्वारीचं पीठ मावतं.

फक्त एक गोष्ट सांभाळा. सातवी म्हटलं तरी पोरीला बेरीज-वजाबाकी येते, ते काही आता काढून घेता येत नाही. मार्चअखेर हंगाम संपतो, मुकादम वही काढतो. उचल इतकी, खाडे इतके, फिटले इतके, राहिले इतके. राहिलेले नेहमीच जास्त निघतात, त्यात नवल नाही, म्हणून तर पुढच्या साली पुन्हा यायचं. तुम्ही मान डोलवा. पण तेवढ्या वेळापुरतं पोरीला हंडा घेऊन पाण्याला धाडा. गेल्या साली आमच्या शेजारच्या कोपीतली एक तेरा वर्षांची मागं उभी होती. वही उलटी दिसत असताना तिनं वाचली आणि म्हणाली, "आबा, खाडे नऊ लिहिलेत. आपले चारच पडले."