रजिस्टरवरची सही

गेल्या वर्षी पोराच्या दप्तरातून शाळेचं एक रजिस्टर घरी आलं. "पप्पा, इथे सही." जेवताजेवताच डाव्या हाताने सही ठोकली आणि रजिस्टर परत गेलं. नंतर कळलं की ती शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेची हजेरी होती. जी सभा झालीच नाही, तिला मी कागदोपत्री हजर!

समितीत माझं नाव कधी लागलं तेही आठवत नव्हतं. जूनमध्ये कोणीतरी "एक नाव द्या हो" म्हणालं असणार आणि मी मान हलवली असणार.

मी घणसोलीत राहतो, महापेला कंपनीत शिफ्ट करतो. मुलगा पालिकेच्या मराठी शाळेत पाचवीला आहे. शाळेचं सगळं त्याची आई बघते, हे मी अगदी अभिमानाने सांगायचो. वर्गशिक्षिकेचं आडनावही मला माहीत नव्हतं.

मग जरा वाचलं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या कलम २१ प्रमाणे या समितीत निदान ७५ टक्के पालक हवेत आणि एकूण निम्म्या स्त्रिया. शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवायचं, विकास आराखडा करायचा, आलेलं अनुदान कुठे गेलं ते बघायचं, ही सगळी कामं समितीची. म्हणजे माझी. आणि मी भाजी वाढून घेत होतो.

(खासगी शाळावाल्यांनी हसू नये. २०११ च्या शुल्क कायद्याने तुमच्याकडेही पालक-शिक्षक संघ आहे, कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडतात. फी वाढल्यावरच तिची आठवण होते, एवढंच.)

यंदा रजिस्टर पुन्हा आलं. सही केली नाही, चिठ्ठी पाठवली: "सभा कधी आहे?" मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला, जरा घुश्शातच. "पालक येतच नाहीत हो." खरंय. पण सभा मंगळवारी सकाळी अकराला. आमच्या चाळीतले निम्मे बाप वाशीच्या मार्केटला माथाडी. खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी गेली. अशा वेळेला बोलवायचं आणि वर पालक उदासीन म्हणायचं, हे मला पटत नाही. बाईंनाही नंतर पटलं. त्यांनी स्वतःची सुट्टी मोडून रविवार दिला, हे मात्र मोठेपणाने सांगायला हवं.

त्या रविवारी शेजारचे दादा आले, कांदा-बटाटा मार्केटवाले. सातवी नापास. "आम्हाला काय कळतंय" म्हणत मागच्या बाकावर बसले. पोरीची वही चाळता चाळता एकदम म्हणाले, "बाई, हिला पाढे तोंडपाठ आहेत. पण पन्नास किलोची गोणी नऊशेला, तर किलो कितीला पडला विचारलं की गप्प होते. असं का?"

वर्गात शांतता. बाईंनी ते गणित तसंच्या तसं फळ्यावर लिहून घेतलं आणि सोमवारी अख्ख्या वर्गाला घातलं. पोरगा संध्याकाळी येऊन मला विचारतोय, "पप्पा, हमाली धरून की सोडून?"

आता दादा प्रत्येक सभेला असतात, आणि पुढच्या बाकावर.

पुढची सभा दिवाळीच्या सुट्टीआधीच्या रविवारी आहे. आमच्या शाळेचे पालक हे वाचत असतील तर सकाळी दहाला, दुसरा मजला. रजिस्टर तिथेच टेबलावर असेल, घरी येणार नाही.