नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांविषयी

जायकवाडीचा साठा १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांच्या आत राहिला, की नाशिकमध्ये अस्वस्थता सुरू होते. समन्यायी वाटपाच्या सूत्राप्रमाणे वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते, मोर्चे निघतात, याचिका दाखल होतात आणि द्राक्षबागांच्या काळजीने आपण मराठवाड्याच्या नावाने बोटे मोडतो. मीही मोडली आहेत. ब्रह्मपुत्रेच्या बाबतीत मात्र वरच्या अंगाला बसलेल्या चीनने खालच्यांचा विचार करावा, अशी आपली ठाम अपेक्षा असते.

भारत ब्रह्मपुत्रेवर चीनच्या खाली आणि गंगेवर बांगलादेशाच्या वर आहे. म्हणूनच डिसेंबर २०२६ मध्ये मुदत संपणाऱ्या गंगा पाणीवाटप कराराचे नूतनीकरण मुदतीच्या आत व्हावे, असे मला कळकळीने वाटते.

पश्चिम बंगालमधला गंगेवरचा फराक्का बंधारा १९७५ मध्ये सुरू झाल्यापासून दोन्ही देशांचे भागले ते तात्पुरत्या समझोत्यांवर, आणि काही वर्षे तर तेही नव्हते. अखेर १२ डिसेंबर १९९६ रोजी देवेगौडा आणि शेख हसीना यांनी तीस वर्षांच्या करारावर सह्या केल्या. त्यानुसार जानेवारी ते मे या काळात दर दहा दिवसांचा हिशेब होतो: प्रवाह ७०,००० क्युसेकपर्यंत असेल तर निम्मे-निम्मे, ७५,००० पर्यंत असेल तर बांगलादेशाला ३५,००० आणि उरलेले आपल्याला, त्याहून जास्त असेल तर आपल्याला ४०,००० आणि बाकीचे त्यांना. ११ मार्च ते १० मे या सर्वांत कठीण दिवसांत ३५,००० क्युसेकची हमी दहा-दहा दिवसांच्या पाळीने एकेका देशाला मिळते. बागलाणात मोसम नदीकाठच्या फडांवर, म्हणजे गावाने मिळून भिजवायच्या शेतीच्या पट्ट्यांवर, पाणी पिढ्यान्‌पिढ्या असेच पाळीने फिरत आले आहे, त्यामुळे ही कलमे वाचताना मला ती परकी वाटली नाहीत.

या करारातली मला सर्वांत मोलाची वाटते ती मोजणी. ती फराक्क्याला आणि बांगलादेशातील हार्डिंज पुलापाशी दोन्ही देशांची माणसे मिळून करतात, त्यामुळे भांडण झाले तरी आकडा दोघांचा एकच असतो. बांगलादेशातील ऑगस्ट २०२४ च्या सत्तांतरानंतर संबंध कडवट झाले, तरीही मार्च २०२५ मध्ये बांगलादेशाचे पथक फराक्क्याला येऊन गेले. याउलट भारत-चीन सैन्यांतल्या डोकलामच्या तिढ्याच्या वर्षी, २०१७ च्या पावसाळ्यात, चीनकडून ब्रह्मपुत्रेची आकडेवारी आलीच नाही. मोजणी केंद्राच्या दुरुस्तीचे कारण तेवढे पुढे आले. आसामात पूर कधी येणार हे ज्या आकड्यांवरून कळते, ते असे अडकून पडले.

वाटपाचे जुने वेळापत्रक १९४९ ते १९८८ च्या सरासरी प्रवाहावर बेतलेले आहे. नव्या करारात त्याऐवजी दोघांनी मिळून केलेली गेल्या तीस वर्षांची मोजणी आधाराला धरावी.