एक लाख ल्युमेनची बॅटरी आणि आमचा जिना

सकाळी डोळे उघडले तर इमारतीच्या ग्रुपवर लिंक येऊन पडलेली. "अग्निशमनच्या जवानांचे आभार मानायला ही टॉर्च कशी वाटते? एक लाख ल्युमेन, सात मोड, मेटल बॉडी. वर आपल्या सोसायटीचं नाव छापून मिळेल." खाली टाळ्या, जोडलेले हात, लाल बदाम. अर्ध्या तासात पोल टाकूनही मोकळे.

मी फक्त "थांबा जरा" एवढं लिहिलं. लगेच उत्तर आलं, "ताई, भावना बघा. ल्युमेन काय बघताय?"

तेव्हापासून डोकं फिरलंय. ग्रुपवर भांडणार नाही असं आईला कबूल केलंय, म्हणून इथे ओकतेय. पोस्ट लांबणार आहे, ज्यांना कामं आहेत त्यांनी आत्ताच निघा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. दोन महिन्यांपूर्वी रात्री पावणेदोनला आमच्या जिन्याखालच्या मीटरच्या पेट्यांनी पेट घेतला. आग तशी मोठी नव्हती म्हणे. नसेल. पण चौथ्या मजल्यावरून आग दिसतच नाही, दिसतो तो धूर. वीज गेलेली. मी दार उघडलं, मोबाइलची बॅटरी लावली आणि समोर पांढरी भिंत उभी राहिली. अक्षरशः भिंत. स्वतःचा पुढे केलेला हात कोपरापासून पुढे गायब. दोन पावलं टाकली, खोकल्याची उबळ आली, तशीच मागे फिरले. आई माझ्या कुर्त्याचं टोक धरून उभी होती. दार लावलं, फटीत ओला टॉवेल कोंबला आणि आम्ही दोघी बाल्कनीत जाऊन बसलो.

मग अग्निशमनचा जवान आला. दारावर थाप पडली, उघडलं, तर तोंडावर मास्क, पाठीवर सिलिंडर आणि छातीवर एक वेडीवाकडी बॅटरी लटकलेली. वेडीवाकडी म्हणजे तिचं डोकं काटकोनात वळलेलं. बॅटरी उभी, उजेड समोर. धूर तोवर बराच कमी झाला होता, पण जिन्याच्या वरच्या अर्ध्या भागात अजून लोंबत होता. त्याचा झोत त्यातून सुरीसारखा आरपार गेला. तो थोडा वाकला, झोत पायऱ्यांवर आला आणि मला आमच्याच जिन्याच्या कडा दिसल्या. मास्कमधून आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता. म्हणाला, "आजी, उजेडाकडे बघू नका. माझ्या बुटांकडे बघत चला." एका हाताने कठडा धरलेला, दुसऱ्या हाताने आईचं कोपर. दोन्ही हात कामात. बॅटरी धरायला तिसरा हात कुणाला असतो?

हे डोक्यात ठेवा, मी पुन्हा पुन्हा तिथेच येणार आहे.

आता ते एक लाख ल्युमेन. अहो, गाडीच्या हेडलाइटमधला साधा हॅलोजन दिवा हजार-दीड हजार ल्युमेन देतो. एक लाख म्हणजे कितीतरी डझन हेडलाइट एका मुठीत! चांगल्यातल्या चांगल्या एलईडीलाही एवढ्या उजेडासाठी पाचशे वॅट तरी लागतील. म्हणजे अर्ध्या इस्त्रीइतकी वीज. आत बसणार काय, तर १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असा एक सेल, ज्याला १८६५० म्हणतात. त्यात साठते जेमतेम १०-१२ वॅट-तास. करा भागाकार. सव्वा मिनिट, फार तर दीड. तेही हाताला चटका बसून टाकून दिली नाहीत तर. आणि हे सगळं तो आकडा खरा धरून! खरा असतो का? तुम्हीही हसताय, मीही हसतेय.

बरं, समजा ल्युमेन खरे आहेत. तरी त्या रात्री माझ्या मोबाइलने काय केलं ते आठवा. उजेड सगळीकडे पसरवला, धुराच्या कणाकणावरून तो माझ्याच डोळ्यांत परत आला. धुक्यात हेडलाइट अप्पर केल्यावर होतं तेच. तो दिवा आणखी शंभरपट असता तर भिंत शंभरपट पांढरी झाली असती, बस. ल्युमेन म्हणजे एकूण उजेड किती सांडला त्याचं माप. धुरात लागतो तो बारीक, ताठ, कडेला न सांडणारा झोत. त्याचं माप कँडेला. ते खोक्यावर कुठेतरी मुंगीच्या अक्षरात असतं, कारण कँडेला म्हटल्यावर लिंकखाली कुणी बदाम टाकत नाही.

आणि ते "२०० मीटरपर्यंत प्रकाश"! मी आधी समजायचे की २०० मीटरवर लख्ख दिसणार. छे. २००९ साली अमेरिकेत टॉर्चसाठी एफएल-१ नावाचं मानक आलं. त्यात ठरलंय की पाव लक्स उजेड उरतो तिथवरचं अंतर मोजायचं. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. त्या हिशेबाने १०,००० कँडेलाची बॅटरी २०० मीटर "पोचते". म्हणजे तिथे चांदणं पडतं! तासांचंही तसंच. उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर उतरेपर्यंतचा वेळ मोजतात. म्हणजे "आठ तास" लिहिलेली बॅटरी आठव्या तासाला कशी दिसत असेल, विचार करा. निदान हे मानक पाळणारे सगळे एकाच फूटपट्टीने मोजतात, म्हणून खोक्यावर एफएल-१ लिहिलेलं आहे का ते बघायचं. त्या लिंकवर होतं का? होते फक्त आगीच्या ज्वाळा आणि गरुड. गरुड कशाला?

"भावना बघा." हो, भावना मोठी, मान्य. ग्रुपवरच्या कुणाच्या मनात खोट नाही, तेही मान्य. पण भावना तुमची आहे आणि बॅटरी दुसऱ्याच्या छातीवर जाणार आहे, आणि त्याच्या मागून कुणाची तरी आई उतरणार आहे.

(चहा घेऊन आले. जरा शांत झालेय.)

आता खरं सांगते, कारण न सांगता पुढे लिहिलं तर तो ढोंगीपणा होईल. मीही हेच केलं होतं. आगीनंतरच्या आठवड्यात मीही एक बॅटरी घेतली. चकचकीत, काळी, धातूची, जड. जड म्हणजे दणकट असं आपलं गणित. मखमली खोक्यात घालून एकटीच फायर स्टेशनवर गेले. केंद्र अधिकारी उठून उभे राहिले, खुर्ची दिली, आईची चौकशी केली. मी खोकं पुढे केलं. ते मनापासून खूश झाले. नाटक नव्हतं, कळतं आपल्याला. मीच आगाऊपणे म्हणाले, "धुरात उपयोगी पडेल ना हो?"

ते जरा घुटमळले. "ताई, राग नका मानू," म्हणाले आणि भिंतीवरच्या खुंटीचा एक हातमोजा काढून माझ्यासमोर ठेवला. "हा घाला आणि लावून बघा."

असला हातमोजा कधी घातलाय का? कातड्याचा, आत अस्तर, मनगटापर्यंत विणलेला. बोटं बोटं राहत नाहीत, पाच दुधीभोपळे होतात. मला आधी बटणच सापडेना. बॅटरीच्या मानेवर मसुराएवढं रबरी बटण होतं, ते अंगठ्याखाली कुठे आलं तेच कळेना. शेवटी नजरेने शोधून दाबलं. लागली. नीट धरायला गेले तर पुन्हा दाबलं गेलं आणि मंद झाली. आणखी दाबलं तर भक्-भक्-भक् लुकलुकायला लागली. घाबरून परत दाबलं तर तीन छोटे, तीन लांब, तीन छोटे. खोलीतल्या तिघा जवानांना फायर स्टेशनमध्येच बसून मी एसओएस, म्हणजे "वाचवा"चा इशारा, देत होते. तिघेही हसू दाबत होते. मग मीच हसले आणि ते सुटले.

नंतर त्यांनी स्वतःची बॅटरी दाखवली. तीच, काटकोनी. मी ओळखली. पिवळीधमक, प्लास्टिकची, कोपरे घासलेले, पाठीला जाड क्लिप. बटण पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा मोठं. दाबलं की लागते, दाबलं की विझते. संपलं. सात मोड नाहीत. "आत गेल्यावर मोड निवडायला वेळ कुणाला आहे?" एक तरुण जवान म्हणाला. प्लास्टिक का, तर धातू तापतो आणि वीज वाहून नेतो. पिवळी का, तर अंधारात हातातून पडली तर काळी सापडणार कशी? माझी काळी चकचकीत त्या टेबलावर पडून होती. मला ती एकदम पार्टीला आल्यासारखी वाटली.

गॅसचं तर मला सुचलंच नव्हतं. स्वयंपाकघरात गॅस कोंडलेला असेल तर बटण दाबतानाची ठिणगीही पुरते. म्हणून त्यांच्या कामासाठी "इन्ट्रिन्सिकली सेफ" बॅटऱ्या मिळतात. म्हणजे सर्किटमधली ऊर्जाच इतकी कमी ठेवलेली की गॅस पेटू नये. युरोपातल्या मालावर षटकोनी चौकटीत ईएक्स असं चिन्ह असतं, अमेरिकेकडच्यावर क्लास वन, डिव्हिजन वन असं लिहितात. आणि त्यातही मेख अशी की प्रमाणपत्र ठरावीक सेलसकट दिलेलं असतं. हाताला लागला तो सेल घातला की त्या प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही. तरीही बॅटरी बाहेरच लावून आत जायची, अशी त्यांची सवय. त्या रात्री आमच्या जिन्यात तो जवान वर आला तेव्हा ती आधीच लागलेली होती. मला तेव्हा वाटलं, अंधार आहे म्हणून.

पाण्याचं सोपं आहे. आयपी ६७ लिहिलेलं असेल तर धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी चालते. आयपीएक्स ४ म्हणजे नुसते शिंतोडे. आग विझवणाऱ्या माणसाला नुसते शिंतोडे उडत नाहीत, एवढं तरी आपल्याला कळतं.

आणि चार्जिंग! त्यांच्या गाडीत बॅटऱ्या ठेवायचे ठरलेले चार्जर बसवलेले असतात. आपली त्यात बसली नाही तर ती कपाटात जाते. तिथे एक खण होता, त्यांनी उघडला नव्हता, अर्धवट उघडाच होता. आत अशाच "आभारी आहोत" छापलेल्या बॅटऱ्या. एकीतले सेल फुटून हिरवा-पांढरा चिकटा बाहेर आलेला. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही.

"मग द्यायचंच नाही का काही?" असं आता कुणीतरी विचारणारच. द्या ना! मी कधी नाही म्हटलं? फक्त आधी विचारा. फोन करा, जाऊन या. आत नेण्याच्या वस्तूंना खात्याची मंजुरी लागते का, एकट्याला भेट घेता येते की केंद्राच्या नावाने द्यावी लागते, गाडीत कुठला चार्जर आहे, किती पाळ्या आहेत. आपण वीस बॅटऱ्या नेणार आणि माणसं निघणार तिप्पट, मग उरलेल्यांनी काय तोंडं बघायची? त्यापेक्षा चांगल्या प्रतीच्या चारच घ्या, गाडीतल्या चार्जरला बसतील अशा, म्हणजे जो कामावर असेल तो वापरेल. स्ट्रीमलाइट कंपनीची सर्वायवर घ्या, नाहीतर आणखी कुणाची. काटकोनी, मोठ्या बटणाची, त्यांनी होय म्हटलेली असली म्हणजे झालं.

आणि ही साधनं खात्यानेच द्यायला हवीत, लोकांनी वर्गणी का काढायची, हा मुद्दा दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी काढलाय. बरोबर आहे काका. शंभर टक्के. पण तो अर्ज तुम्ही लिहा, मी सही करते. तोवर मला आभार मानायचेत.

नाव छापण्याबद्दल मी काही बोलणार नव्हते, पण आता राहवत नाही. आपल्या सोसायटीचं नाव, खाली पदाधिकाऱ्यांची नावं, हे सगळं त्या माणसाने छातीवर वागवायचं? तो काय फलक आहे? फार हौस असेल तर खोक्यावर एक चिठ्ठी चिकटवा. आईने तशी लिहून ठेवलीय, दोन ओळी, थरथरत्या अक्षरात. "तुमच्या बुटांकडे बघत मी खाली आले. सुखी राहा." एवढंच. तिला त्याचं नाव माहीत नाही, चेहराही नाही, मास्क होता. बूट मात्र ती अजून ओळखेल म्हणते.

माझी ती काळी बॅटरी? त्यांनी परत दिली नाही. म्हणाले, रात्री गाडीखाली वाकून काही बघायचं असलं की चालेल, चांगली आहे. तोंडघशी पडू दिलं नाही मला. उद्या अकरा वाजता पुन्हा जातेय, या वेळी रिकाम्या हाताने, वही घेऊन. कुणाला यायचं असेल तर खाली गेटपाशी भेटा.

पोलवर सध्या सात मोडवाली पुढे आहे, १४ विरुद्ध ३. तिसरं मत आईचं. तिला फोनवर मत कसं द्यायचं ते शिकवायला वीस मिनिटं गेली, आणि पहिल्यांदा तिनेही चुकून गरुडालाच दिलं होतं.